दुखंल म्हणणाऱ्या सिस्टर

पहिल्याच आठवड्यात सिस्टरनी माझे चार पेशंट घरी पाठवले. चौघांपैकी एकालाही त्यांनी माझ्या केबिनपर्यंत पोचू दिलं नाही.

त्वचारोगाचं शिक्षण पुण्यात पुरं करून मी तेव्हा नुकतीच कोल्हापूरला परतले होते. राजारामपुरीत साड्यांच्या एका दुकानावरच्या दोन खोल्या घेऊन क्लिनिक थाटलं होतं. मुरूम, वांग, केस गळणं हे रोजचं होतंच, पण माझा खरा ओढा चेहरा उजळवणं, खड्डे भरणं, सुरकुत्या घालवणं असल्या कामांकडे होता. काचेचा दरवाजा, पांढरा सोफा, बाहेरच्या खोलीत भिंतभर आरसा, सगळं मनासारखं जमवलं होतं. हाताशी अनुभवी नर्स हवी म्हणून ओळखीच्या एका सर्जननी सिस्टरचं नाव सुचवलं. चंदगड तालुक्यातल्या, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या. त्या नोकरीतली बरीच वर्षं त्यांनी भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात काढली होती. एवढं पाहिलेल्या बाईला माझं काम म्हणजे पोरखेळ वाटेल, अशी मला धाकधूक होती. तसं काही झालं नाही. उलट माझ्या कामाला त्यांनी माझ्यापेक्षा जास्त गंभीरपणे घेतलं, आणि तिथंच आमची पहिली खडाखडी झाली.

त्या चौघांपैकी एका मुलीला रविवारी बहिणीच्या लग्नात मिरवायचं होतं आणि शुक्रवारी तोंडाला पील, म्हणजे औषध लावून वरची कातडी सोलून काढणं, करून हवं होतं. दुसरी जोतिबाला चालत जाऊन आलेली, उन्हानं लाल झालेलं तोंड घेऊन थेट लेझर करायला आली होती. एक दुकानदार होता, तो कसल्या गोळ्या खातो ते सांगेना. आणि एका बाईंना नेमकं काय करून हवंय तेच सांगता येईना. दुपारी मी सिस्टरना आत बोलावलं आणि जमेल तितक्या गोड शब्दांत सांगितलं, की पेशंट घ्यायचा की नाही ते मी ठरवणार. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“ठरवा की तुमीच,” त्या म्हणाल्या. “मी फकस्त थांबायला सांगितलंय. तोंड कुठं पळून जात न्हाय मॅडम. पंधरा दिवसांनी बी तिथंच असतंय.”

इकडच्या जुन्या बायका बोलतात तशा त्या ‘मी येतो, मी बघतो’ असंच बोलत. ठेंगण्या, तुरुतुरु चालणाऱ्या, अंबाड्यात अबोलीचा छोटा गजरा. आवाज मात्र असा, की त्या आतल्या खोलीत बोलल्या तरी जिन्यात कळायचं. त्यामुळं पेशंटचं खाजगी काही बोलायचं असलं की मी दार लावून घ्यायची.

आरशावर त्यांनी दुसऱ्याच दिवशी पडदा लावून घेतला. मी चिडले. त्यावर त्या म्हणाल्या, माणूस एक तीळ दाखवायला येतंय, अर्धा तास त्या आरशापुढं बसतंय आणि आत येईस्तोवर त्याला स्वतःत पाच खोडी सापडत्यात. मी दोन दिवस नीट लक्ष ठेवलं. त्यांचं म्हणणं खरं निघालं, आणि पडदा तसाच राहिला.

पेशंटशी बोलताना त्या कधी उभ्या राहायच्या नाहीत. एक बुटकं स्टूल होतं, त्यावर पेशंटच्या गुडघ्याशी बसून, मान वर करून बोलायच्या. उभ्यानं विचारलं की माणूस घाईत ‘हो’ म्हणून मोकळं होतं, असं त्यांचं मत. मग पहिलं काम, डोळे मिटायला लावून म्हणायच्या, तुम्हाला जे खुपतंय त्याच्यावर बोट ठेवा. पुष्कळांचं बोट नेमकं तिथंच जायचं. काहींचं गालभर फिरायचं आणि सापडायचं काहीच नाही. अशांना त्या चहा पाजून, महिन्याभरानं या म्हणायच्या. सोबत आलेली आई, नणंद, नवरा यांना त्या काहीतरी आणायला म्हणून खाली पिटाळायच्या आणि मग हळूच, म्हणजे त्यांच्या मानानं हळू, विचारायच्या, हे तुम्हाला खुपतंय का त्यांना?

मी केसपेपरवर ‘दोन्ही गालांवर वांग’ असं लिहायची. त्याच कागदाच्या मागे सिस्टर पेशंटचे शब्द जसेच्या तसे लिहायच्या. ‘जाऊबाई म्हणती, लिव्हर बिघडलंय का बघ.’ ‘पोरीच्या शाळेत मला आजी समजले.’ आधी मला ते हास्यास्पद वाटायचं. मग सवय अशी लागली की मी कागद आधी उलटाच करून बघू लागले. वांग कुणाचंही असो, सारखंच दिसतं. जाऊबाई प्रत्येकीची वेगळी असते.

नवीन औषध किंवा मशीन आलं की त्याचा पहिला प्रयोग सिस्टरच्या डाव्या हातावर. मी नको म्हणायची, त्या बाही वर करून बसायच्या. मनगटापासून कोपरापर्यंत फिकट-गडद चौकोन झाले होते, त्यांच्या गावाकडच्या भाताच्या वाफ्यांसारखे. पेशंटनं विचारलं, किती दुखतं हो, की त्या हात पुढे करून नेमका चौकोन दाखवायच्या. हे लाल मुंगी चावल्यागत. हे फोडणीचं तेल उडाल्यागत, पण उडून गेल्यावर विझतंय. हे मात्र दुखंल, दोन मिनिटं चांगलं दुखंल, तवा माझा हात धरा. ‘काही होणार नाही’ हे तीन शब्द आमच्या क्लिनिकमध्ये उच्चारायला बंदी होती. रिसेप्शनवरची मुलगी एकदा सहज बोलून गेली, तर तिला सिस्टरनी सर्वांसमोर विचारलं, तुला कुणी सांगितलं?

बिद्रीच्या साखर कारखान्यातला एक कामगार आमच्याकडे आला, तो प्रसंग मी विसरत नाही. तिशीतला गडी. उकळता रस अंगावर उडून त्याचा जबडा आणि मान भाजली होती, त्याला बरीच वर्षं झाली होती. मी उत्साहात त्याला टॅबवर आधीचे-नंतरचे फोटो दाखवले, खूप फरक पडेल म्हणाले. तो प्रत्येक फोटोला मान डोलवत होता. सिस्टर स्टुलावर बसल्या आणि त्याला विचारून त्या व्रणावर बोट टेकवलं.

“हे मऊ हुईल,” बोट सरकवत त्या म्हणाल्या. “हे जरा फिकं हुईल. आणि ह्यो जबड्याखालचा दोर हाय न्हवं, त्यो राहणार. कायमचा.”

मला संताप आला. माणूस आशेनं आलेला, आणि ही बाई त्याची आशा मोडून टाकते. मग त्यानं विचारलं, तिथं दाढी करता येईल का? व्रणाच्या वळांमधून खुंट उगवायचे, वस्तरा अडकून रक्त यायचं. गावातला न्हावी हात लावायला घाबरायचा, म्हणून हा कित्येक वर्षं दुकानात गेला नव्हता. घरीच कात्रीनं कापायचा. त्याला सुंदर व्हायचं नव्हतंच. त्याला चार माणसांत न्हाव्याच्या खुर्चीवर बसायचं होतं.

माझे फोटो मी मिटून ठेवले. त्याचे उपचार आम्ही त्याच्या मागणीप्रमाणे आखले. वळ मऊ करायचे आणि तिथले केस लेझरनं काढायचे. सुरुवातही ताबडतोब केली नाही. गळीत हंगाम संपला की या, असं सिस्टरनी बजावलं, कारण हंगामात तो दिवसभर आचेपुढं उभा. पुढं एका सकाळी तो गावच्या न्हाव्याकडून थेट आमच्याकडे आला. त्यानं चेहरा आधी डावीकडे वळवला, मग उजवीकडे. दोर होता तिथंच होता. सिस्टरनी त्याच्या हनुवटीवरून हात फिरवला आणि न्हावी चांगला हाय म्हणाल्या.

आता माझ्या चुकीविषयी सांगते.

पेशंट होत्या पंचेचाळिशीच्या एक शिक्षिका. नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत उतरणारी घडी भरून काढण्याचं इंजेक्शन, ज्याला फिलर म्हणतात, ते त्यांना हवं होतं. सिस्टरनी त्यांना दोनदा परत पाठवून विचार करायला लावलं होतं. त्यांचं बोट नेमकं त्या घडीवरच जात होतं, खुपत होतं ते त्यांना स्वतःलाच. काहीही गैर नव्हतं. सकाळची वेळ, मीही ताजीतवानी. उजवी बाजू झाली. डावीकडे सुई घातली, माझे डोळे सुईवर होते. सिस्टरचे चेहऱ्यावर होते.

“मॅडम, थांबा.”

मी थांबले. नाकपुडीशेजारची कातडी पांढरी पडली होती. भुलीच्या औषधानं कधी कधी तसं होतं, मी म्हणाले. सिस्टरनी उजव्या बाजूला बोट दाबून सोडलं. गुलाबी रंग लगेच परतला. मग डाव्या बाजूला दाबून सोडलं. बोटाचा पांढरा ठसा तसाच राहिला.

“रक्त येईना,” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका खाली गेलेला मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

फिलरनं बारीकशी रक्तवाहिनी अडवली होती. काही तासांत ती मोकळी झाली नाही तर कातडी मरते, आणि वाईटात वाईट म्हणजे डोळ्यालाही इजा होऊ शकते. हे सगळं मी परीक्षेत लिहून आले होते. त्या क्षणी मला त्यातलं एक अक्षर आठवेना. फिलर विरघळवणारं औषध आमच्या फ्रिजमध्ये होतं, ते केवळ सिस्टरमुळं. ते पुण्याहून येईपर्यंत त्यांनी मला पहिलं फिलरसुद्धा करू दिलं नव्हतं, आणि दर सोमवारी त्या त्याची तारीख तपासायच्या. मी मागायच्या आत त्यांनी ते भरून माझ्या हातात दिलं. मग शिक्षिकांना एकेक डोळा झाकायला लावून, माझी बोटं किती दिसतात, म्हणून विचारत राहिल्या. गरम पाण्यात भिजवलेले कपडे पिळून मला देत होत्या. इंजेक्शन, चोळणं, वाट बघणं, परत इंजेक्शन. बाकीच्या पेशंटना रिसेप्शनवरून फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. दुपारी तीनच्या सुमारास गालाचा रंग परतला. नाकपुडीपाशी जोंधळ्याच्या दाण्याएवढी जागा मात्र निळसर राहिली.

मी केबिनमध्ये येऊन बसले आणि काय सांगायचं त्याची जुळवाजुळव करू लागले. औषधाची थोडी रिअॅक्शन आली होती, आता ठीक आहे, असं काहीतरी. सिस्टर आत आल्या आणि दार लावून घेतलं.

“त्यांना तुमी सांगताय का मी सांगू?”

मी म्हणाले, घाबरतील हो. उद्यापर्यंत कदाचित काहीच दिसणार नाही.

“घाबरू देत. भ्यालेलं माणूस उद्या परत येतंय. फसवलेलं येत न्हाय. आणि उद्या त्या आल्या न्हाईत तर ती जागा कोण बघणार?”

मी बाहेर जाऊन सांगितलं. काय झालं, कुणाच्या हातून झालं, आता काय होऊ शकतं, सगळं. त्यांच्या यजमानांना बोलावून घेतलं होतं, ते खूप बोलले. मी ऐकत उभी राहिले. शिक्षिकांनी एकच प्रश्न विचारला, डाग राहील का? ‘नाही’ माझ्या जिभेवर आलं होतं. सिस्टर शेजारी उभ्या होत्या, त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मी म्हणाले, माहीत नाही. राहू शकतो. डॉक्टर झाल्यापासून ‘माहीत नाही’ हे शब्द पेशंटसमोर मी पहिल्यांदाच उच्चारत होते.

पुढचे दहा-बारा दिवस आम्ही रोज सकाळी त्यांच्या घरी कसबा बावड्याला गेलो. मी स्कूटरवर पुढे, सिस्टर मागे, मांडीवर ड्रेसिंगचा डबा. सुरुवातीला यजमान दार उघडून आत निघून जायचे. सहाव्या-सातव्या दिवशी त्यांनी आमच्यापुढं चहा ठेवला.

त्याच दिवशी परतताना सिस्टर स्वतःहून बोलल्या. मी काही विचारलं नव्हतं. रस्त्याकडेला एका झाडाखाली त्यांनी मला गाडी थांबवायला लावली. म्हणाल्या, नोकरीला लागून वर्ष झालं असेल, तेव्हाची गोष्ट. स्टोव्हनं भाजलेली एक नवी सून वॉर्डात होती, त्यांच्याच वयाची. रोज ड्रेसिंग करताना तिला त्या सांगायच्या, काही होणार नाही, पहिल्यासारखी होशील. वॉर्डात आरसा ठेवत नसत. पण एक दिवस जेवणाचं नवं कोरं स्टीलचं ताट आलं, आणि त्यात तिनं तोंड बघितलं. ती रडली नाही. त्या दिवसापासून घरी जाईपर्यंत तिनं सिस्टरना हात लावू दिला नाही. त्या गेल्या की भिंतीकडं तोंड करायची. दुसरी नर्स बोलवावी लागायची.

“तोंडाचा राग न्हवता तिचा,” सिस्टर म्हणाल्या. “माझा हुता. महिनाभर मी खोटं बोलत हुतो आणि तिनं त्यो महिना त्याच्या जिवावर काढला हुता.”

मग चला म्हणाल्या. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, मीही काढला नाही.

शिक्षिकांच्या नाकपुडीपाशी बारीकसा खळगा राहिला. त्यांना माझ्याविरुद्ध तक्रार करता आली असती. त्यांनी केली नाही. काही महिन्यांनी त्या मुरूम आलेल्या आपल्या मुलीला घेऊन आल्या आणि आल्या आल्या सिस्टर कुठायत म्हणून विचारलं.

पण मी मोडले होते. त्या दिवसानंतर मी सुई हातात धरली नाही. पील, लेझर, क्रीम चालू होतं. इंजेक्शनचा पेशंट आला की काहीतरी कारण सांगून दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवायची. दोन महिने असे गेले. एरवी कशावरही तोंड टाकणाऱ्या सिस्टर यावर मात्र चकार शब्द बोलल्या नाहीत.

एका मंगळवारी अपॉइंटमेंटच्या यादीत अकरा वाजता त्यांचं पूर्ण नाव दिसलं. रिसेप्शनवरच्या मुलीची चूक असेल असं वाटून मी पुढं वाचलं. अकराला दारावर टकटक झाली. सिस्टर एप्रन न घालता, ठेवणीतली साडी नेसून आत आल्या आणि पेशंटच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसल्या. डोळे मिटले आणि भुवयांच्या मधोमध बोट ठेवलं. तिथं दोन खोल उभ्या आठ्या होत्या. रोज समोर असलेला चेहरा, पण त्या मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिल्या.

“वॉर्डात पेशंट म्हणायचे, सिस्टर रागावल्यात,” त्या म्हणाल्या. “नव्या पोरी घाबरायच्या. आता नात इचारती, आज्जी, तू का चिडलीयास. मी चिडत न्हाय मॅडम. मी बघत असतो.”

मी इंजेक्शनं बंद केली आहेत, हे मी त्यांना सांगितलं. ते ठाऊक असल्याचं त्या म्हणाल्या, आणि माझी अपॉइंटमेंट हाय, असंही म्हणाल्या. खुर्चीवरून उठण्याचं काही लक्षण दिसेना.

मग मी त्यांना आठ्या घालवणाऱ्या इंजेक्शनचं सगळं सांगितलं. टोचेल. डोकं दुखू शकतं. पापणी काही आठवडे खाली उतरू शकते. परिणाम चारेक महिने टिकेल, मग आठ्या परत येतील. जणू आयुष्यात पहिल्यांदाच ऐकतोय अशा त्या ऐकत होत्या. संमतीचा कागद त्यांनी चष्मा लावून ओळ न ओळ वाचला, दोन शंका विचारल्या आणि सही केली. मी सिरिंज भरली आणि माझा हात थरथरायला लागला. लपवण्यात अर्थ नव्हता. माझा हात कापतोय, मी म्हणाले. आधी पाणी प्या, त्या म्हणाल्या. मी पाणी प्याले. त्या डोळे मिटून वाट बघत बसून राहिल्या. पाच बारीक टोचे होते. ते झाल्यावर त्यांनी अर्धा तास बाहेर बसून काढला, एप्रन चढवला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

पंधरा दिवसांत आठ्या गेल्या आणि निराळाच घोटाळा झाला. सिस्टर रागावल्या की रिसेप्शनवरची मुलगी हसायला लागली. तिला वाटायचं त्या गंमत करतायत. चार महिने क्लिनिकमध्ये त्यांना कुणी जुमानलं नाही, आणि त्याबद्दल त्यांनी माझ्याकडं रीतसर तक्रार केली. त्या मंगळवारनंतर महिन्याभरातच मी पुन्हा इंजेक्शनं द्यायला लागले. शेजारी त्या असायच्या, नजर पेशंटच्या चेहऱ्यावर.

गुडघे दुखायला लागले तशा त्या चंदगडकडे, मुलाकडे राहायला गेल्या. माझ्या हाताखाली आता दोन तरुण नर्सेस आहेत, चांगल्या आहेत. लोक मला काळजीपूर्वक काम करणारी डॉक्टर म्हणतात. ते ऐकताना दर वेळी मला वाटतं, हे चुकीच्या पत्त्यावर येतंय. ज्यांनी कमावलं त्यांना कोल्हापुरात आता फारसं कुणी ओळखतही नाही. त्यांचे पेशंट मात्र ओळखतात. बिद्रीचा तो कामगार दर दिवाळीला त्यांचा नंबर तोच आहे ना, म्हणून विचारतो.

गेल्या महिन्यात मी फोन केला होता. इकडचं तिकडचं झाल्यावर इतकी वर्षं मनात असलेलं विचारलं. सिस्टर, त्या मंगळवारी तुम्ही आठ्यांसाठी आला होतात, की माझ्यासाठी?

“आठ्या आल्या की परत, चार महिन्यांत,” त्या म्हणाल्या. “तुमची भीती आली का?”

थोडी आली आहे, मी खरं ते सांगितलं. प्रत्येक सुईच्या आधी असते.

“तेवढी असू दे,” सिस्टर म्हणाल्या, आणि म्हशीच्या धारेची वेळ झाली म्हणून त्यांनी फोन ठेवला.